टॅब हातात, फॉर्म मात्र लॅपटॉपवर

गेल्या काही महिन्यांत मला तीन जणांनी फिरवून फिरवून एकच प्रश्न विचारलाय. एक आमच्या नाशिकच्या कॉलनीतले रिटायर्ड काका, दुसरा अंबडला वर्कशॉप असलेला मित्र, आणि तिसरी माझी सख्खी बहीण, सिन्नरला असते, तिच्या मुलीकडे टॅब आहेच पण तेवढ्यावर पुढचं शिक्षण निघेल का म्हणून. म्हणजे प्रश्न असा की घरात एकच वस्तू घ्यायचीय, टॅब घेऊ का लॅपटॉप, टॅबवर सगळं भागेल का. विचारायला निमित्तही झालंय. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला, आणि घरोघरी जे आठ-दहा वर्षांचे लॅपटॉप बरे चालले होते त्यांच्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही, कारण त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय मशीनमध्ये लागते आणि इंटेलचा आठव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर साधारणपणे चालत नाही. मग माणूस दुकानात जातो, समोर चकचकीत टॅब असतो, हलका, दिवसभर बॅटरी, आणि दुकानदार म्हणतो सर याला कीबोर्ड लावला की झाला लॅपटॉप.

हे 'झाला लॅपटॉप' मलाही एकानं ऐकवलं होतं आणि ते खरं मानून मी चौदा महिने फक्त टॅबवर काढले, त्यामुळे उत्तर द्यायला मी जरा लायक आहे असं समजतो. माझं काम अनुवादाचं आणि प्रुफं तपासायचं. जुना लॅपटॉप ऐन पावसाळ्यात गेला, मदरबोर्ड, आणि एमजी रोडवरच्या रिपेअरवाल्यानं जो आकडा सांगितला तो ऐकून मी म्हटलं राहू दे भाऊ, ठेव तुझ्याकडेच स्पेअरला. त्याच आठवड्यात अकरा इंची अँड्रॉइड टॅब, त्याचं कीबोर्डवालं कव्हर आणि पेन असं सगळं घेऊन घरी आलो.

पहिले दोन महिने मी प्रेमात होतो, खोटं कशाला बोलू. प्रुफं तपासायला याच्याइतकी चांगली वस्तू मी आजवर हातात धरलेली नाही. पूर्वी प्रेसवाले पीडीएफ पाठवायचे, मी प्रिंट काढायचो, लाल पेननं खुणा करायचो आणि तो गठ्ठा घेऊन शालिमारपर्यंत स्कूटर काढायची, पार्किंग शोधायचं, ते वेगळंच. आता पीडीएफ उघडायची आणि थेट पानावर पेननं लिहायचं, ऱ्हस्वाचा दीर्घ करायचा, दोन शब्द तोडायची खूण मारायची, समासात वैतागून 'मूळ प्रत बघा' असं लिहायचं, सगळं हातानं. आणि अक्षर पाहिजे तेवढं मोठं करता येतं, त्यामुळे 'वाऱ्यावर' मधला तो आडवा र नीट पडलाय की नुसता रफार देऊन 'वार्यावर' करून ठेवलंय हे लगेच दिसतं, कागदावर ही चूक माझ्या नजरेतून किती वेळा सुटली असेल देव जाणे. लाइट गेली तरी काम चालू. आमच्याकडे गंगापूर रोडला पावसाळ्यात लाइट जायला ढगाचं नुसतं निमित्त लागतं, पण पॉवर बँक लावली की रात्र निघते.

आणि आईचं तर विचारूच नका. बोटांनी अक्षर मोठं करून ई-पेपर वाचते, मावशीशी व्हिडिओ कॉलवर भाजीपासून भावकीपर्यंत सगळं होतं, एकादशीला हरिपाठ लावते. तिला कॉम्प्युटरकडून जे काही हवंय ते सगळं या पाटीत आहे, अँटिव्हायरस नाही, निळा स्क्रीन नाही, 'अपडेट चालू आहे, बंद करू नका' नाही. म्हणून कॉलनीतल्या काकांना मी डोळे झाकून टॅब घ्या म्हणून सांगितलं, त्यांच्यापुरता विषय संपला.

मग घोडं अडलं कुठे? माझ्या लक्षात यायला चार-पाच महिने गेले. टॅब माझ्या एकट्याच्या कामाला फारसा कमी पडला नाही. काम दुसऱ्याच्या हातात द्यायची किंवा दुसऱ्याकडून घ्यायची वेळ आली की दर वेळी कमी पडला. म्हणजे मी एकटा बेटावर राहत असतो तर टॅबवर आयुष्य निघालं असतं.

आता बघा, युनिकोड म्हणजे कुठल्याही मशीनवर अक्षर तेच दिसावं म्हणून ठरवलेली पद्धत, तिच्यात देवनागरी १९९१ पासून आहे, पण आपल्या छपाईच्या धंद्यात अजून जुन्या फॉन्टचं राज्य आहे, जे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरं दाखवतात, पानं लावायचं सॉफ्टवेअर पेजमेकर ७ आलं २००१ साली आणि मला काम देणाऱ्या एका प्रेसमध्ये ते आजही चालू आहे, का तर ऑपरेटरच्या बोटांना सवय आहे आणि जुन्या पुस्तकांच्या फाइली त्यातच आहेत. तिथून मला एकदा पुस्तकाची मजकुराची फाइल आली, टॅबवर उघडली तर सगळीकडे इंग्रजी अक्षरं आणि डॉलरच्या खुणा, जणू कुणी अमेरिकेचं बजेट पाठवलंय. लॅपटॉप असता तर प्रेसवाल्याकडून फॉन्ट आणून टाकला असता आणि मजकूर दिसला असता. टॅबवर जमेल तसा खटाटोप केला, वर्ड ॲपला तो फॉन्ट काही घ्यायचा नव्हता. मग वेबसाइटवरच्या कन्व्हर्टरमध्ये एकेक प्रकरण कॉपी-पेस्ट करून युनिकोड केलं, त्यात जोडाक्षरं मोडली, ती हातानं दुरुस्त केली, तीन दिवस गेले आणि त्या तीन दिवसांचे पैसे कुणी दिले नाहीत. पंचवटीतल्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीच्या वह्या आठवल्या मला तेव्हा. शंभर वर्षांपूर्वी कुणाचा तरी पणजोबा रामकुंडावर येऊन गेला ते पान आजही उघडतं आणि वाचता येतं, मोडी येत असेल तर, आणि इथे वीस वर्षांपूर्वीचं पुस्तक डॉलर झालंय.

असे बारीकसारीक किस्से पुष्कळ आहेत. वर्डचं मोबाइल ॲप १०.१ इंचांपर्यंतच्या स्क्रीनवर फाइल फुकट एडिट करू देतं, त्याहून मोठ्या स्क्रीनला वर्गणी मागतं, आणि मी हौसेनं अकरा इंची घेतलेला, म्हणजे पाऊण-एक इंचाची पट्टी मला दर वर्षी पैसे मागते. एका प्रकाशकानं शब्दसूचीसाठी एक्सेलची शीट पाठवली, तिच्यात मॅक्रो होते, म्हणजे आपोआप काम करणाऱ्या सूचना, ते टॅबवर चालत नाहीत. कव्हरचा कीबोर्ड लावला की माझ्या टॅबवर मराठीची सोय गायब, स्क्रीनवरच्या कीबोर्डवर इंग्रजी अक्षरं दाबली की मराठी उमटतं ते या खऱ्याखुऱ्या कीबोर्डला जमत नाही. मग मी बोलून टाइप करायला लागलो, ते बरं चालायचं, फक्त 'पूर्णविराम' म्हटलं की तो इमानदारीत 'पूर्णविराम' असा शब्द लिहून मोकळा व्हायचा. हे सगळं मी सहन केलं कारण माझा धंदा माझ्या हातात आहे, चार दिवस इकडे तिकडे झाले तरी प्रेसवाला फार तर चिडतो. ज्याला मुदतीच्या आत फॉर्म भरायचाय त्याचं तसं नसतं, आणि म्हणूनच हा माझ्या एकट्याच्या रडगाण्याचा विषय राहत नाही.

आयपॅड २०१० च्या जानेवारीत दाखवला आणि त्याच वर्षी जूनमध्ये स्टीव्ह जॉब्ज एका मुलाखतीत म्हणाले होते की अमेरिका शेतीवर होती तेव्हा सगळ्या गाड्या ट्रकच असायच्या, लोक शहरात आले तशा कार आल्या, तसंच कॉम्प्युटरचं होणार, ट्रक राहतील पण थोड्यांनाच लागतील. मला ही उपमा आवडते आणि पटतेही. आपण मुंबई-आग्रा रोडच्या कडेला राहणारी माणसं, लासलगावचा कांदा आणि पिंपळगावचे टोमॅटो ट्रकमधूनच जातात हे आपल्याला कुणी सांगायला नको, आणि तरी घरटी ट्रक कुणी घेत नाही. पण समजा कार घेऊन निघालेल्या माणसाला प्रत्येक नाक्यावर अडवून विचारलं की ट्रक कुठंय, ट्रक आणल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, तर त्या माणसानं काय करायचं? आपल्याकडे नेमकं तेच चाललंय. आणि गंमत म्हणजे नाका सरकारचा आहे आणि कारसुद्धा सरकारच देतंय.

सरकारला टॅबचं वेड जुनं. ५ ऑक्टोबर २०११ ला तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी दिल्लीत 'आकाश' टॅब आणला, जगातला सगळ्यात स्वस्त म्हणून गाजावाजा झाला, सरकारला तो साधारण २,२७६ रुपयांना पडणार होता, सात इंची स्क्रीन, २५६ एमबी रॅम, आणि टच असा की बोट नुसतं टेकवून भागायचं नाही, दाबायला लागायचं. तो का बसला ते उगाळण्यात अर्थ नाही, रॅमच सांगते. त्याच २०११ मध्ये तमिळनाडूनं विद्यार्थ्यांना लॅपटॉप द्यायला सुरुवात केली. हरियाणानं २०२२ मध्ये दहावी ते बारावीच्या मुलांना लाखोंनी टॅब दिले. आपल्याकडे महाज्योती ही राज्य सरकारची संस्था ओबीसी, भटक्या विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना जेईई, नीट, सीईटी या प्रवेश परीक्षांच्या तयारीसाठी टॅब आणि रोजचा सहा जीबी डेटा देते. या योजनांना मी नावं ठेवत नाहीये, उलट खेड्यातल्या मुलीला घरी बसून फिजिक्सचं लेक्चर तीन वेळा मागे नेऊन बघता येतं ही फार मोठी गोष्ट आहे, क्लासची फी आणि एसटीचा पास दोन्ही वाचतात. माझं म्हणणं एवढंच की टॅब देताना कुणी असा हिशोब मांडतं का, की या मुलीला पुढच्या दोन वर्षांत कुठल्या कुठल्या मशीनसमोर बसायचंय?

कारण सीईटी टॅबवर होत नाही. एमएचटी-सीईटीचा पीसीएम, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्सचा ग्रुप म्हणजे १५० प्रश्न, २०० मार्क, १८० मिनिटं, समोर मॉनिटर आणि हातात माऊस. जेईई मेनला तर आकडी उत्तरसुद्धा स्क्रीनवरच्या कीपॅडवर माऊसनं एकेक टिचकी मारून भरायचं असतं. माझ्या भाचीनं वर्षभर सगळ्या मॉक टेस्ट टॅबवर दिल्या, क्लासनं टॅब कंपल्सरी केलेला म्हणून दाजींनी घेऊन दिलेला. बोटानं पान सरकवायचं, बोटानं पर्याय दाबायचा, हात इतका बसलेला की प्रश्न वाचता वाचता अंगठा आपोआप वर जायचा. परीक्षेहून आली ती गप्पच. म्हटलं काय गं, अवघड होता का पेपर. "पेपर नाही मामा, पहिली दहा मिनिटं तो बाणच सापडत नव्हता मला. दोनदा स्क्रीनलाच बोट लावलं, सुपरवायझर मॅडम हसल्या." घरात कुणाकडेच कॉम्प्युटर नाही, शाळेत लॅब होती पण एका मशीनवर चार मुलं, माऊस धरायची पाळी कधी आली नाही. दीडशे प्रश्नांच्या पेपरात दहा मिनिटं म्हणजे काय ते ज्यानं सीईटी दिलीय त्याला विचारा. शहरातल्या, घरी डेस्कटॉप असलेल्या मुलाला ही दहा मिनिटं फुकट मिळतात, कुणी त्याला आरक्षण म्हणत नाही.

त्यानंतरचा किस्सा फॉर्मचा. कुठलं पोर्टल ते सोडा, नाव घेऊन उपयोग नाही, सगळी एकाच आईची लेकरं आहेत. भाची टॅब घेऊन माझ्याकडे आली, रविवार होता, आम्ही दुपारी दोनला बसलो. फोटो हवा वीस ते पन्नास केबी, सही दहा ते वीस केबी. टॅबच्या कॅमेऱ्यानं काढलेला फोटो तीन एमबी. मग फोटो लहान करणारी वेबसाइट शोधली, तिच्यावर एवढ्या जाहिराती की खरं डाउनलोडचं बटण कुठलं हे ओळखणं हीच एक प्रवेश परीक्षा. फोटो एकदाचा त्रेचाळीस केबी झाला. परत पोर्टलवर आलो तर पान रिफ्रेश, भरलेलं सगळं गेलं. टॅबमध्ये रॅम कमी असली की मागं ठेवलेलं ॲप सिस्टिम गुपचूप बंद करते, ते टॅबच्या स्वभावातच आहे, आणि पोर्टलला अर्धवट फॉर्म सेव्ह करून ठेवायची बुद्धी नाही. पुन्हा लॉगिन, पुन्हा कॅपचा, ओटीपी जाणार बहिणीच्या मोबाइलवर, ती सिन्नरला, तिचा फोन चार्जिंगला दुसऱ्या खोलीत. फोन लावा, "ताई ओटीपी आला का", "थांब चष्मा घेते", तोपर्यंत ओटीपीची वेळ संपलेली. असं तीनदा. पावणेपाचला आम्ही उठलो आणि कॉलेज रोडजवळच्या एका नेट कॅफेत गेलो. तिथे एक पोरगा, एक जुनाट डेस्कटॉप, त्यानं फोटो पेंटमध्ये उघडला, टक्केवारी टाकली, सेव्ह, अपलोड, ओटीपीला ताईला आधीच फोनवर धरून ठेवलं, अकरा मिनिटांत पावती हातात. दीडशे रुपये. पैसे घेताना त्यानं भाचीच्या हातातल्या टॅबकडे बघून विचारलं, "टॅब आहे ना तुमच्याकडे, मग?"

या 'मग'चं उत्तर आमच्याकडे नव्हतं. असायला हवं होतं ते पोर्टल बनवणाऱ्याकडे. फोटो लहान करणं हे कॉम्प्युटरचं काम आहे, सर्व्हरवर ते निमिषात होतं, सतरा वर्षांच्या मुलीकडून पन्नास केबीचा फोटो मागणं म्हणजे हॉटेलात गिऱ्हाइकाला पीठ मळून आणायला सांगण्यासारखं आहे. आणि सरकारला जमत नाही असं म्हणायला मी तयार नाही, कारण जमलेलं मी बघितलंय. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली, शेतकरी आपल्याच बांधावर उभा राहून आपल्याच फोनमधून पिकाचा फोटो काढतो आणि नोंद होते, त्याला कुणी म्हणत नाही की सोयाबीन पन्नास केबीत बसवून आण. सुरुवातीला कुरबुरी झाल्या, होणारच, पण विचार फोनपासून सुरू केला होता. तसंच हयातीच्या दाखल्याचं. पूर्वी वडिलांना बोटाचा ठसा द्यायला मशीन असेल तिथे जावं लागायचं, वयामुळे ठसे उठायचे नाहीत, बोट पुसा, परत ठेवा, दुसरं बोट द्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये जीवन प्रमाण या ऑनलाइन दाखल्याला चेहऱ्याची सोय आली, आता हॉलमध्ये खिडकीकडे तोंड करून बसवतो, फोन समोर धरतो, डोळे मिचकावा बाबा म्हणतो, झालं. ठशाचं मशीन आणि त्याची वायर वाटेतून गेली म्हणून पेन्शनवाल्यांचा एक हेलपाटा वाचला. तेव्हा तंत्र आहे, पैसा आहे, अक्कलही आहे, फक्त फॉर्म बनवणारा टेबलावर डेस्कटॉप घेऊन बसतो आणि त्याला वाटतं जग असंच बसलेलं आहे.

माझ्या अंबडच्या मित्राचं प्रकरण जरा वेगळं. त्याच्या वर्कशॉपमध्ये दोन व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी धातू कापायची मशीनं आहेत, गिऱ्हाइकाकडून ड्रॉइंग पीडीएफमध्ये येतं, टॅब प्लास्टिकच्या पिशवीत घालून मशीनशेजारी लटकवलेला असतो, कूलंटचे हात लागले तरी पुसून टाकायचं, ऑपरेटर दोन बोटांनी माप मोठं करून बघतो, पूर्वी ड्रॉइंगच्या प्रिंटवर तेलाचे डाग पडून सहाचा आठ दिसायचा ते बंद झालं. एवढं बघून त्याला वाटलं ऑफिसमधला पीसीही काढून टाकावा. मी म्हटलं थांब. टूलचा मार्ग ठरवणारं कॅमचं सॉफ्टवेअर विंडोजवर, टॅली विंडोजवर, आणि गेल्या वर्षी त्यानं फर्मची प्रायव्हेट लिमिटेड केली. प्रोप्रायटरशिप होती तोवर जीएसटीचं रिटर्न ओटीपीवर जायचं, कंपनी झाली की डिजिटल सिग्नेचर लागते, म्हणजे यूएसबीचा डोंगल, त्याचा ड्रायव्हर, त्याचं सही करणारं सॉफ्टवेअर, आणि ते टॅबला ओळखत नाही. डोंगल टॅबला लावायला कनेक्टर मिळतो शंभर रुपयांत, खोबणीत बसतोही छान, पुढे काही होत नाही. तेव्हा तुझा ट्रक ठेव म्हटलं, तू खरोखरच माल वाहणारा माणूस आहेस. तो हसला, पण कॅमचा मुद्दा त्याला पटला आणि सहीचा पटला नाही, आणि मला वाटतं त्याचंच बरोबर आहे. कॅमला मोठं मशीन लागतं हे कामाच्या पोटातून आलंय, पण एक सही करायला विंडोज का लागावं? पैसे पाठवायला फोन चालतो, आधारची सही ओटीपीवर होते, आणि कंपनीच्या रिटर्नला डोंगल.

यावर कुणी म्हणेल की अरे थोडं थांबा, सगळं ब्राउझरमध्ये येतंय, टॅबही सुधारतायत. सुधारतायत ना, कोण नाही म्हणतंय. डेस्कटॉपसारख्या खिडक्या दाखवणारं सॅमसंगचं डेक्स २०१७ मध्ये आलं, आयपॅडला २०१९ मध्ये पेनड्राइव्ह लावता यायला लागला, २०२० मध्ये माऊस नीट चालायला लागला, २०२५ मध्ये तर खिडक्या इकडून तिकडे ओढता यायला लागल्या. २०२१ च्या आयपॅड प्रोमध्ये जी एम१ चिप आहे तीच मॅकबुकमध्ये होती. पण हेच तर मी सांगतोय, ताकदीचा प्रश्न केव्हाच मिटलाय. लॅपटॉपचीच चिप पोटात असलेल्या लाखभर रुपयांच्या टॅबलाही तो डोंगल चालत नाही, मग भाचीच्या बारा हजारांच्या टॅबकडून काय अपेक्षा करायची. आणि 'थोडं थांबा' हे ज्याच्या घरी दुसरं मशीन आहे तोच म्हणू शकतो, फॉर्मची शेवटची तारीख थांबत नाही.

एक गोष्ट मात्र टॅबच्या कंपन्यांच्या खात्यावर टाकायलाच पाहिजे, ती म्हणजे दुरुस्ती. एमजी रोडवर तुमच्या दहा वर्षांच्या लॅपटॉपमध्ये रॅम वाढवून मिळते, एसएसडी टाकून मिळतो, कीबोर्डचं एक बटण गेलं तर पूर्ण कीबोर्ड बदलून मिळतो. टॅब घेऊन गेलात तर तो पोरगा उलटसुलट करून बघतो आणि म्हणतो दादा आत सगळं चिकटवलेलंय, काच उचलताना फुटली तर मला बोलू नका. गरीब घरात वस्तू दहा वर्षं टिकते ती दुरुस्त होते म्हणून. हा हिशोब टॅब वाटणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनी दोघांनीही करावा.

मला विचाराल तर टॅब वाटू नका असं मी म्हणणार नाही, लॅपटॉपच वाटा असंही नाही, एवढे पैसे कुठून आणणार. माझी मागणी अगदी छोटी आहे. जे खातं टॅब देतं किंवा ज्याचं पोर्टल विद्यार्थ्यांसाठी आहे, त्याच्या साहेबांनी पोर्टल सुरू करायच्या आदल्या दिवशी तोच स्वस्तातला टॅब घ्यावा, ऑफिसचं वायफाय बंद करून मोबाइलचं नेट लावावं, आणि पहिल्या कॅपचापासून पावतीच्या पीडीएफपर्यंत एक फॉर्म स्वतः भरावा, शेजारी कुणी ऑपरेटर न बसवता. साहेबांचा फॉर्म गेला तर पोर्टल चालू करावं. आणि टॅबच्या खोक्यात एक माऊस टाकावा, तीन-साडेतीनशेचा, वायरचा असला तरी चालेल, सोबत तो लावायचा ओटीजी कनेक्टर. अँड्रॉइडला माऊस सरळ चालतो, काही इन्स्टॉल करावं लागत नाही. हजारो रुपयांच्या टॅबसोबत तीनशेची वस्तू द्यायचं कुणाला सुचत नाही, कारण टॅब म्हणजे बोट हे डोक्यात पक्कं बसलंय आणि सीईटी म्हणजे माऊस हे दुसऱ्या कुणाच्या तरी टेबलावर आहे.

मी स्वतः शेवटी चौदाव्या महिन्यात एक रीफर्बिश्ड लॅपटॉप घेतला, टॅब फक्त प्रुफांना आणि आईला. बहिणीला सांगितलं की इंजिनीअरिंगला ॲडमिशन झाली तर असाच एखादा जुना घे, प्रोग्रॅमिंगची प्रॅक्टिकल्स टॅबवर ओढाताण करून होतीलही पण पोरीनं विषय शिकायचा का टॅबशी भांडत बसायचं. भाची यंदा पुन्हा सीईटी देतेय. मागच्या रविवारी आली होती, मी माझा जुना माऊस कपाटातून काढला, कनेक्टर लावला, टॅबच्या स्क्रीनवर तो छोटा बाण उमटला तशी ती एकदम ओरडलीच, "मामा, आला बाण!" मग तासभर मॉक टेस्ट दिली, सुरुवातीला माऊस टेबलाच्या टोकापर्यंत न्यायची आणि उचलून परत आणायचं सुचायचं नाही, तिसाव्या प्रश्नापर्यंत हात बसला. निघताना माऊस बॅगेत टाकला, कनेक्टर टाकला, चपला घालता घालता म्हणाली, "पण मामा, ॲडमिशनच्या कॅप राउंडचा फॉर्म भरायच्या दिवशी तुझा लॅपटॉप लागेल हां."